छातीतली महाधमनी फुटल्यावर छाती न उघडता मांडीतून ती दुरुस्त कशी करतात?

छातीतून खाली उतरणाऱ्या महाधमनीचा फुगा, म्हणजे अॅन्युरिझम, फुटला तर मांडीतून घातलेला स्टेंट ग्राफ्ट ते भगदाड बुजवतो कसं आणि त्यात बिघडतं काय, असं तुम्ही विचारलंय.

खरं तर भगदाडाला कुणी हातच लावत नाही. कापडाने मढवलेली ही धातूच्या जाळीची नळी आतून उघडते आणि तिची दोन्ही टोकं निरोगी भिंतीला घट्ट बसतात. रक्त नळीतून जाऊ लागलं की फुगा प्रवाहाबाहेर पडतो. त्यामुळे सगळी मदार टोकांवर असते. दोन्हीकडे किमान २ सेंमी धड भिंत मिळायला हवी.

ग्राफ्ट बसेपर्यंत रक्तदाब मुद्दाम कमी ठेवतात. रुग्ण शुद्धीत असेल, बोलत असेल, तर वरचा दाब ८०-९० असला तरी सलाइन धडाधड सोडत नाहीत, कारण दाब चढला की थबकलेली गळती पुन्हा सुरू होते. फुप्फुसाभोवती साचलेलं रक्त लगेच काढायचा मोहही आवरावा लागतो. त्या रक्ताच्या दाबानेच गळती आवरलेली असते. श्वासच घेता येईनासा झाला तर गोष्ट वेगळी; एरवी आधी स्टेंट, मग छातीत नळी.

मापं सीटी अँजिओवरून, म्हणजे धमन्यांत डाय (एक्स-रेत दिसणारा द्रव) सोडून काढलेल्या सीटी स्कॅनवरून घेतात, मानेपासून मांड्यांपर्यंत. ग्राफ्ट धमनीपेक्षा १० ते २० टक्के मोठा घेतात. ३० मिमीला साधारण ३४ मिमीचा. इथे एक फसगत होते: बरंच रक्त गेलेल्या रुग्णाची महाधमनी आकसलेली असते, सीटीवर ती बारीक दिसते आणि रक्त भरल्यावर पुन्हा रुंदावते. म्हणून अशा वेळी माप थोडं वरचं धरलेलं बरं. फारच मोठा घेतला तर मात्र कापडाला आत घडी पडते आणि तिथूनच रक्त झिरपतं.

दुसरं माप कमरेतल्या धमन्यांचं. ग्राफ्ट ज्या नळीतून आत नेतात तो शीथ बहुधा २० ते २४ फ्रेंच असतो; ३ फ्रेंच म्हणजे १ मिमी. पण काही शीथवर छापलेला आकडा आतल्या पोकळीचा असतो, बाहेरचा व्यास त्याहून जास्त. धमनी ७-८ मिमीपेक्षा बारीक किंवा कॅल्शियमने कडक असेल तर जोर करू नये. पोटाच्या बाजूला छोटा छेद घेऊन वरच्या रुंद धमनीला १० मिमीची कृत्रिम नळी जोडतात आणि तिच्यातून आत जातात. जोर केलाच, तर धमनी फाटल्याचं शीथ आत असेपर्यंत कळतही नाही, कारण शीथच ती फट दाबून धरतो. तो बाहेर आला की दाब कोसळतो. म्हणून ज्या वायरवरून हे सगळं आत सरकवतात, ती शेवटपर्यंत काढायची नसते.

रुग्णाला भूल देण्याआधीच जंतुनाशकाने रंगवून, चादरी घालून तयार ठेवतात. भुलीने दाब एकदम पडू शकतो. कडक वायर चढत्या महाधमनीपर्यंत नेतात, एक्स-रेचा सी-आर्म डावीकडे ४५ ते ६० अंश तिरका करतात, डाय सोडून मानेच्या फांद्या पाहतात. उघडतेवेळी प्रवाह ग्राफ्टला पुढे ढकलतो, म्हणून दाब आणखी खाली आणतात. बलून फक्त टोकांवर आणि सांध्यांवर फुगवायचा, ग्राफ्टच्या बाहेरच्या उघड्या भिंतीवर कधीच नाही. हेपारिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, देताना हात राखावा लागतो.

वरच्या बाजूला २ सेंमी मिळत नसतील तर डाव्या हाताच्या धमनीचं तोंड झाकतात. घाईच्या वेळी बहुतेकांना ते चालून जातं. त्याच धमनीच्या फांदीवर हृदयाचा बायपास उभा असेल, किंवा मेंदूला मागून रक्त देणारी डावी धमनीच मुख्य असेल, तर चालत नाही. शेवटच्या अँजिओत टोकाकडून फुग्यात डाय जाताना दिसली, तर काम झालेलं नाही. आणखी एक तुकडा वर किंवा खाली जोडावाच लागतो.

भगदाड बंद झालं की रक्तदाबाचा हिशेब उलटतो. ग्राफ्टने मज्जारज्जूला रक्त देणाऱ्या बारीक फांद्याही झाकल्या जातात, विशेषतः छातीच्या खालच्या भागातल्या. आता सरासरी दाब ९०च्या आसपास ठेवतात आणि दर तासाला पाय हलवायला सांगतात. पायांतली ताकद दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही जाऊ शकते, पण लगेच हालचाल केली तर बऱ्याचदा परत येते: दाब वाढवायचा, हिमोग्लोबिन सावरायचं, पाठीतून ड्रेन, म्हणजे बारीक नळी, घालून मज्जारज्जूभोवतीच्या द्रवाचा दाब पाऱ्याच्या १० मिमीपर्यंत आणायचा. द्रव तासाला १०-१५ मिलिपेक्षा जास्त काढला तर डोक्यात रक्तस्राव व्हायची भीती असते.

२०१०च्या एका एकत्रित विश्लेषणात ३० दिवसांतले मृत्यू ग्राफ्टनंतर १९ टक्के आणि छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर ३३ टक्के निघाले. मी तरी शरीररचना जमत असेल तर आधी ग्राफ्टच सुचवेन. फुगा अन्ननलिकेत फुटला असेल तर मात्र ग्राफ्टने फक्त वेळ मिळतो. अन्ननलिकेचं छिद्र तसंच राहिलं तर ग्राफ्टला जंतुसंसर्ग होतोच.

पुढे महिन्याने सीटी, मग सहा महिने ते वर्षाने, नंतर दरवर्षी. रिपोर्टात फुग्याचा व्यास वाढलेला दिसला, तर गळती लिहिलेली असो वा नसो, सर्जनला दाखवा.