सर्क्युलर आरएनएवर काम करायचंय, कोणता कोर्स करू?

प्रश्न : मी अमळनेरला बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या आबांना शुगर होती. अँजिओग्राफीत ब्लॉकेज निघालं नाही, तरी हृदय कमजोर होत होत ते गेले. या आजारावर सर्क्युलर आरएनएचं औषध येणार असं वाचलं. मला त्यातच काम करायचंय. पप्पा म्हणतात, बी.एड. कर, गावाजवळ नोकरी मिळेल.

उत्तर : आबांना नेमकं काय झालं होतं ते त्यांचे डॉक्टरच सांगतील. पण रक्तवाहिन्या मोकळ्या असूनही मधुमेहात हृदयाचा स्नायू कडक आणि दुबळा होतो, हे खरं आहे. 1972 साली रुबलर आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांच्या शवविच्छेदनातून ते मांडलं. त्याला डायबेटिक कार्डिओमायोपॅथी म्हणतात.

साध्या आरएनएला (पेशीत जनुकांचा निरोप नेणाऱ्या रेणूला) दोन टोकं असतात आणि पेशीतली विकरं (एन्झाइम) मुख्यतः तिथूनच त्याला कुरतडतात. सर्क्युलर आरएनए बांगडीसारखा, टोकंच नाहीत, म्हणून जास्त टिकतो. त्यातले काही मायक्रोआरएनएला, म्हणजे जनुकांचं काम दाबणाऱ्या छोट्या आरएनएला, धरून ठेवतात; सीडीआर1एएस नावाच्या एकावर तर एमआयआर-7 या मायक्रोआरएनएसाठी 70 हून अधिक जागा आहेत. मधुमेही हृदयात काही सर्क्युलर आरएनए घटतात, काही वाढतात. घटलेले भरून काढायचे, वाढलेले दाबायचे, ही उपचाराची कल्पना. मात्र हे काम अजून मुख्यतः उंदरांवर आणि पेशींवर चाललंय. औषध हृदयापर्यंत पोचवणं सगळ्यात अवघड, कारण ते वाहून नेणारे लिपिड नॅनोकण (मेदाचे अतिसूक्ष्म कण) बहुतेक यकृतातच जाऊन बसतात. माझ्या मते पुढच्या काळात खरं काम याच अडचणीवर आहे.

म्हणून 'सर्क्युलर आरएनए'चा कोर्स शोधू नकोस. जळगावच्या आपल्या विद्यापीठात किंवा पुण्यात बायोकेमिस्ट्री वा बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. कर. आयआयटी जॅम आणि गॅट-बी, या एम.एस्सी. प्रवेशाच्या दोन्ही परीक्षांची तयारी आत्तापासून ठेव. आरएनए वेगळा काढणं, पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवणं), सेल कल्चर (पेशी वाढवणं) हे हाताने यायला हवं. रेणू गोल आहे हे सिद्ध करायला आरनेज आर हे विकर का वापरतात, डायव्हर्जंट प्रायमर म्हणजे काय, हे तुझ्या सरांना विचार. ते समजून घेताना मजा आली, तर हे क्षेत्र तुझं आहे. सोबत पायथॉन किंवा आर ही प्रोग्रामिंगची भाषा शीक, घरच्या लॅपटॉपवर होतं. विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपसाठी नोव्हेंबरच्या सुमारास अर्ज कर. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत राहता येतं.

पप्पांची काळजी रास्त आहे, त्यांच्याशी भांडू नकोस. त्यांना आकडे सांग : एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळाली, तर पीएच.डी.च्या पहिल्या दोन वर्षांत महिन्याला 37,000 रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. नाही मिळाली, तर पुण्यातल्या औषध आणि लस कंपन्यांत क्वालिटी कंट्रोल, संशोधन साहाय्यक अशी कामं असतात. आणि बी.एड. एम.एस्सी.नंतरही करता येतं, हे त्यांना आवर्जून सांग.