कटान या बोर्ड गेमचा डाव मांडण्यातच पंधरा-वीस मिनिटं जातात. डब्यातलं सामान कसं ठेवलं तर खेळ लवकर सुरू होईल?

हा वेळ मांडताना वाचवता येत नाही, तो आवरताना वाचवायचा असतो. बहुतेक घरांत सगळे रस्ते एका पिशवीत, सगळ्या वस्त्या दुसऱ्या पिशवीत अशी वाटणी असते. दिसायला ती नीटनेटकी, पण दर वेळी चार रंग पुन्हा निवडत बसावं लागतं. म्हणून सामान प्रकाराप्रमाणे लावू नका. ते कोण उचलणार आहे, त्याप्रमाणे लावा.

सुरुवात खेळाडूंपासून करा. प्रत्येक रंगाची एक झिपलॉक पिशवी, तिच्यात 15 रस्ते, 5 वस्त्या, 4 शहरं आणि बांधकामाच्या खर्चाचं कार्ड. कार्ड न दुमडता आत जाईल एवढी रुंद पिशवी घ्या. डबा उघडला की चौघांच्या हातात चार पिशव्या द्यायच्या, वाटावाटी संपली. आवरताना ज्याने त्याने आपली पिशवी मोजून भरायची: पंधरा, पाच, चार. टेबलाखाली पडलेला रस्ता तेव्हाच सापडतो, पुढच्या डावाला शोधाशोध होत नाही.

खरा वेळ खातो तो नकाशा. जमिनीच्या 19 टाईल्स असतात आणि त्या पिसण्यातच मिनिटं जातात. त्या डब्यात ठेवतानाच उलट्या करून पिसा आणि गठ्ठा तसाच पिशवीत घाला. पुढच्या वेळी वरून एकेक उचलून मांडत जायचं. आकड्यांच्या 18 टोकनांचं नेमकं उलटं करायचं, ती पिसायची नाहीत. त्यांच्या मागे ए ते आर अशी अक्षरं असतात. त्या क्रमाने चळत लावून जाड कागदाच्या गुंडाळीत ठेवा, ए सगळ्यात वर. मांडताना एका कोपऱ्यापासून घड्याळाच्या उलट दिशेने, बाहेरून आत, वाळवंटाची टाईल वगळून ठेवत जा. टोकनं मनाला येईल तशी टाकली की लाल 6 आणि 8 शेजारी येतात आणि मग अदलाबदल करत बसावं लागतं. अक्षरक्रमाने ही कटकट सहसा होत नाही.

पाच ते सहा जणांचा विस्तार (जोडसंच) असेल तर त्याच्या टाईल्स आणि टोकनं स्वतंत्र पिशवीत, वर चिठ्ठी लावून ठेवा. मिसळली की चौघांच्या डावात दुसरं वाळवंट निघतं. शिवाय विस्तारातल्या टोकनांचा अक्षरक्रम पूर्ण वेगळा आहे, म्हणून सगळी मांडणीच चुकते.

संसाधनांची कार्डं 95, म्हणजे लाकूड, वीट, लोकर, धान्य, खनिज प्रत्येकी 19. त्यांना पाच उघड्या डब्या हव्यात, ज्या थेट टेबलावर ठेवून बँक म्हणून वापरता येतील. मिसळणाच्या डब्याचा मोह होतो, पण त्यातल्या गोल वाट्यांत आयताकृती कार्ड बसत नाही. तो नाणी आणि टोकनं असलेल्या दुसऱ्या खेळांसाठी उत्तम. प्रवासातली साबणाची डबी चालू शकते, फक्त दुकानात जाताना एक कार्ड खिशात न्या आणि आत घालून बघा. कार्डांना प्लास्टिकचं कव्हर चढवणार असाल तर कव्हरसकट. 25 डेव्हलपमेंट कार्डं (डावात उलट्या गठ्ठ्यातून उचलायची) आवरतानाच पिसून ठेवा.

कार्डांना रबर बँड मात्र कधीही लावू नका. कडेला खाच पडते, आपल्याकडच्या उन्हाळ्यात रबर वितळून चिकटतं, आणि खाच पडलेलं डेव्हलपमेंट कार्ड पाठीवरूनच ओळखू येतं. पावसाळ्यात दमट कार्डं तशीच बंद केली तर वाकतात, म्हणून आधी थोडा वेळ पंख्याखाली ठेवा.

डब्यात भरण्याचा क्रम मांडण्याच्या उलट: तळाशी कार्डांच्या डब्या, त्यावर टाईल्स आणि टोकनं, मग समुद्राच्या चौकटीचे 6 तुकडे, सगळ्यात वर खेळाडूंच्या पिशव्या. चौकटीच्या टोकांवर आकडे छापलेले असतात, सारखा आकडा सारख्याला जोडायचा. एकाने नकाशा मांडावा आणि दुसऱ्याने बँक. कपाटात डबा उभा ठेवत असाल तर वरची मोकळी जागा फोमने भरा, नाहीतर टोकनांची चळत सुटते आणि अक्षरं पुन्हा लावावी लागतात.