न भरलेल्या क्यूबचा आकडा

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांचा आहे, डिप्लोमा सिव्हिल. पुण्याजवळ एका अकरा मजली इमारतीच्या साइटवर दीड वर्षापासून क्वालिटी इंजिनिअर आहे. चौथ्या मजल्याचा स्लॅब जुलैमध्ये रात्री टाकला. पाऊस होता, काँक्रीटची ताकद तपासायला जे चौकोनी ठोकळे, म्हणजे क्यूब, भरतात त्यांचे साचे दुसऱ्या साइटवर गेले होते, आणि त्या रात्री एकही क्यूब भरला गेला नाही. आता बँकेचा इंजिनिअर रजिस्टर बघायला येणार आहे. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतात, ‘तिसऱ्या मजल्याचे आकडे थोडे इकडेतिकडे करून भर आणि सही कर. काँक्रीट आरएमसीचं, प्लांटमधून तयार आलेलं आहे, चांगलंच असणार.’ खरं सांगायचं तर मलाही ते चांगलंच वाटतं. घरी वडील आजारी असतात, बहिणीच्या शिक्षणाचं कर्ज माझ्या नावावर आहे. सही केली तर कुणाचं काय बिघडणार आहे? मला ‘तू’ म्हटलंत तरी चालेल.
— एक साइट इंजिनिअर, पुणे जिल्हा

उत्तर : ‘मलाही ते चांगलंच वाटतं’ या तुझ्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. कारण तुझ्याच वयाची असताना, १९९३ साली, मलाही असंच वाटलं होतं.

सातारा जिल्ह्यात एका दुमजली शाळेचं काम होतं. तळमजल्याच्या कॉलमचे नऊ क्यूब भरले होते, पण ते टेस्टला पाठवायच्या आधीच साइटवरच्या बायकांनी त्यांची चूल मांडली होती. त्यांना काय माहीत! त्यांच्या दृष्टीने ते सारख्या मापाचे दगड. साहेब म्हणाले, ‘आकडे लिहून टाका.’ एम-१५ काँक्रीट होतं, म्हणजे २८ दिवसांनी क्यूबची ताकद चौरस मिलिमीटरला १५ न्यूटन भरायला हवी. मी १७.२, १७.६, १७.४ असे नऊ आकडे लिहिले आणि खाली सही केली. पाच मिनिटांचं काम.

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. रेडिओवर बातम्या ऐकताना सगळं घर लातूरकडच्या माणसांबद्दल बोलत होतं आणि माझ्या डोळ्यांसमोर ते कॉलम होते. कोयनेचा टापू जवळ, धक्के तिथे नेहमीचेच. तरीही मी साहेबांकडे गेले नाही, शाळेकडे गेले नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते. शाळा अजून उभी आहे, पोरं शिकतायत. ते काँक्रीट बहुधा चांगलंच होतं. पण माझ्या मनातलं ‘बहुधा’ मी रजिस्टरमध्ये ‘१७.४’ असं लिहून ठेवलं, आणि त्यानंतर त्या कॉलमकडे पुन्हा बघायचं कुणालाच कारण उरलं नाही.

कुणाचं काय बिघडणार, असं तू विचारतोस, तर हे बिघडतं. रजिस्टरमधला रिकामा रकाना बघणाऱ्याला थांबवतो, ‘हे काय राहिलं?’ असं विचारायला लावतो. खोटा आकडा ती विचारणाच बंद करून टाकतो. काँक्रीट चांगलं असलं तरी आणि वाईट असलं तरी.

आता तुझ्या स्लॅबबद्दल. तो एम-२५ चा आहे असं धरते. म्हणजे १५० मिलिमीटरचा एकेक क्यूब मशीनखाली साधारण ५७ टन भार सोसल्याशिवाय फुटायला नको. समजा ९० घनमीटर काँक्रीट पडलं, तर आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय कोडप्रमाणे पाच नमुने, प्रत्येकी तीन क्यूब, म्हणजे २८ दिवसांसाठीच पंधरा क्यूब भरायला हवे होते. ते नाहीत. ही चूक झाली, पण तिच्यावर इलाज आहे, आणि तो त्याच कोडमध्ये दिलेला आहे. तुझ्या मॅनेजरना हे माहीत नसेल असं मला वाटत नाही. त्यांना खर्च आणि उशीर नको आहे.

स्ट्रक्चरल कन्सल्टंटला कळवायचं, तो दाखवेल तिथे, सळई तुटणार नाही अशा बेताने, स्लॅबमधून किमान तीन कोअर, म्हणजे ड्रिलने कापलेले गोल तुकडे, काढून ते तपासायचे. त्यांची सरासरी २५ च्या ८५ टक्के, म्हणजे २१.२५ भरली आणि एकही कोअर ७५ टक्क्यांच्या, म्हणजे १८.७५ च्या खाली गेला नाही, तर काँक्रीट स्वीकारता येतं. त्याहून कमी आलं तर लोड टेस्ट आहे, म्हणजे स्लॅबवर भार ठेवून बघायचं. आरएमसी प्लांटवालेही आपल्यापुरते क्यूब भरतात. त्या रात्री गाड्यांसोबत आलेल्या चलनांचे नंबर देऊन त्यांचे निकाल मागव, पण तेवढ्यावर थांबू नकोस. गाडी प्लांटमधून निघाली तेव्हा काँक्रीट कसं होतं एवढंच त्यातून कळतं. पाऊस होता असं तू लिहितोस. पंप अडकायला लागला की मिक्सरमध्ये पाणी सोडायला सांगणारे मुकादम मी खूप पाहिलेत, आणि जास्तीच्या पाण्याने काँक्रीट कमजोर होतं. त्या रात्री तसं झालं का, हे तुलाच आठवेल.

आणि हो, साचे साइटवर नाहीत हे तुला गाड्या यायच्या आधी कळलं होतं की नंतर? आधी कळलं असेल तर चुकीतला काही वाटा तुझाही आहे, आणि मेलमध्ये तोही यायला हवा. मेल मॅनेजरना कर, प्रत कन्सल्टंटला. चारच ओळी : ‘चौथ्या मजल्याच्या स्लॅबचे क्यूब भरलेले नाहीत. साचे नसल्याचे मी वेळेवर कळवले नाही. प्लांटकडून निकाल मागवावेत आणि कोअर टेस्ट करावी, ही विनंती. तोपर्यंत रजिस्टरमध्ये तशी नोंद ठेवत आहे.’ कुणावर आरोप नको, मोठे शब्द नकोत. पाठवायच्या आधी मॅनेजरना समोर बसून सांग. त्यांना ते मेलमधून पहिल्यांदा कळावं हे बरं नाही.

ते चिडतील. तेव्हा दोन गोष्टी त्यांच्या कानावर घाल. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर रेरा कायद्याप्रमाणे तो बिल्डरने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो, त्यापुढे तीन कोअरचा खर्च काहीच नाही. दुसरी गोष्ट सहीची. १४ मार्च २०१९ ला मुंबईत सीएसएमटीजवळचा पादचारी पूल पडला, माणसं गेली. स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये तो पूल किरकोळ दुरुस्ती सोडता ठीक ठरवलेला होता. पुढे ऑडिट करणाऱ्यालाच अटक झाली. बँकेच्या इंजिनिअरला फसवता येईल या भ्रमातही राहू नका. ज्याने आयुष्यभर क्यूब तोडलेत त्याला बनवलेला आकडा ओळखू येतो. खरे आकडे ओबडधोबड असतात, २६.१ शेजारी ३०.४ बसलेला असतो. माझे ते नऊ आकडे बघ, किती शहाण्यासारखे ओळीत उभे होते.

नोकरीचं काय, हा तुझा खरा घोर आहे आणि तो मला हलका वाटत नाही. कर्जाचा हप्ता असलेल्या माणसाने रागाच्या भरात राजीनामा देऊ नये. मेल कर, काम चालू ठेव, रोजची डायरी लिही : कुठलं काँक्रीट टाकलं, किती गाड्या, स्लंप किती (काँक्रीट किती पातळ), क्यूब कुणी भरले. दुसरीकडे अर्ज करायला आजपासून लाग. मेलनंतरही सहीसाठी दडपण आलं, तर ती जागा सोडायचीच आहे असं समज आणि हप्त्यांपुरते तीन-चार महिन्यांचे पैसे बाजूला पडेपर्यंत थांब, पण तोवरही त्या पानावर सही करू नकोस. वडिलांना सांगायचं की नाही ते तू ठरव. मी असते तर सांगितलं असतं. १९९३ मध्ये मी आमच्या घरी काहीच बोलले नाही, नाहीतर वडिलांनी मला हाताला धरून साहेबांपुढे उभं केलं असतं.

कोअर काढले गेले तर त्यांचे आकडे मला कळव. १८.७५ च्या खाली आले तरी कळव.