विद्यापीठाच्या आवारातील कलामंच निवडताना

पहिला प्रयोग करणाऱ्यांनी आवारातील सर्वांत मोठे प्रेक्षागृह मागण्याआधी आपल्या कलाकृतीला कोणती जागा मानवेल याचा विचार करावा, असा माझा आग्रह आहे. मोजक्या पात्रांचे, हळुवार संवादांचे नाटक असेल तर चौकटीच्या रंगमंचापेक्षा ब्लॅक बॉक्स (कायमचा मंच नसलेले, काळ्या भिंतींचे छोटे नाट्यगृह) कधीही बरा, कारण तिथे बैठकव्यवस्था हवी तशी बदलता येते आणि नटाच्या चेहऱ्यावरचे बारीक भावही शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतात. संगीतासाठी बांधलेल्या सभागृहात मात्र नाटक शक्यतो टाळावे. वाद्यवृंदाला सुमारे २ सेकंदांचा निनाद, म्हणजे आवाज थांबल्यावरही त्याचे घुमत राहणे, शोभतो, पण संवादांना तो १ सेकंदाच्या आसपासच हवा, नाहीतर एक शब्द दुसऱ्यावर चढतो. जागा पाहायला जाल तेव्हा मंचाच्या मधोमध उभे राहून टाळी वाजवा आणि सहकाऱ्याला मागच्या कोपऱ्यात बसवून नेहमीच्या आवाजात चार वाक्ये म्हणा. प्रेक्षक बसल्यावर हा निनाद कमी होतो, हेही ध्यानात ठेवा. विंगांची रुंदी आणि नेपथ्य आत आणायच्या दाराची उंची स्वतः टेपने मोजा.

कलादालनात सर्वाधिक काळजी प्रकाशाची घ्यावी. जलरंगांवर साधारणतः ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाशमानाचे एकक) अधिक प्रकाश पडू देऊ नये, आणि चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १५० सेंटिमीटरवर ठेवावा.

आरक्षण करताना केवळ प्रयोगाची वेळ न मागता तांत्रिक तालमीसाठी आदला दिवसही मागा, आणि प्रकाशयोजनेचा आराखडा तिथल्या तंत्रज्ञांना आधीच दाखवा. कोणता दिवा कुठे टांगता येईल, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते.