पाणी यायच्या दिवशी सासूबाई मोरीत घसरल्या

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही सोलापूरला पूर्व भागात राहतो. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, आयुष्यभर बिड्या वळल्या, उजवा गुडघा पार कामातून गेलाय. मागच्या आठवड्यात पहाटे चारला नळाला पाणी आलं, आम्ही सगळे पिंप-घागरी भरायच्या गडबडीत आणि त्या लघवीला म्हणून उठल्या ते मोरीच्या तोंडाशीच घसरल्या. एक्सरे काढला, हाड मोडलं नाही, नशीब. पण आता मिस्टर म्हणतात आईला पलंगावरून उतरूच द्यायचं नाही. त्या स्वतःपण घाबरल्यात. बाथरूम नवीन करायला पैसे नाहीत, काय करू? आणि काठी दिली तर ती दुखऱ्या पायाच्या बाजूला धरायची का?

उत्तर: ताई, आधी ते पलंगावर बसवून ठेवायचं डोक्यातून काढून टाका. मिस्टरांचा आईसाठी जीव तुटतोय ते कळतं मला, पण या वयात माणूस आठ-पंधरा दिवस जरी पडून राहिला तरी मांड्यांतली ताकद भराभर उतरते, मग उठला की परत पडतो, आणि दुसऱ्या वेळी खुब्याचं हाड वाचेलच असं नाही.

मला मोरीपेक्षा ती वेळ जास्त खटकली. पहाटे चार, डोळ्यावर झोप, वाटेत पाईप आणि घागरी, सगळी फरशी ओली, त्यात घाईची लघवी. आपल्याकडे पाणी रोज येत नाही म्हणून येतं त्या दिवशी अख्खं घर ओलं असतं, तर त्या दिवशी एकाने फक्त फडकं घेऊन पुसत राहायचं, पाईप भिंतीच्या कडेने न्यायचा आणि सासूबाईंना सांगून ठेवायचं की उठायच्या आधी हाक मारा, आम्ही कितीही कामात असलो तरी.

आणि मोरीच्या तोंडाशी पाय पुसायला काय टाकलंय ते आज बघा. सोलापुरात घरोघरी तिथे जुनी चादर चौघडी करून टाकलेली असते, माझ्या आईकडेही होती. गुळगुळीत फरशीवर ती चादर पाय ठेवल्याबरोबर माणसासकट पुढे सरकते, आई चौकट हातात आली म्हणून वाचली, नाहीतर डोकंच आपटलं असतं. ती चादर उचला, खालून रबर असलेलं पायपुसणं टाका. मोरीतलं शेवाळ ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासा, पण त्यात अ‍ॅसिड अजिबात मिसळू नका, विषारी वायू होतो.

पैसे खर्चच करायचे तर एका गोष्टीवर करा, मोरीत आणि संडासात भिंतीला स्टीलचा ग्रॅब बार, म्हणजे धरून उठायचा मजबूत दांडा, बसवा. टॉवेलचा रॉड नाही हां, तो वजन पडलं की स्क्रूसकट हातात येतो. सासूबाईंना उभं करून त्यांचा हात सहज जातो तिथे खूण करा, साधारण कमरेच्या आसपास, आणि बसवल्यावर आधी मिस्टरांनी स्वतः ओढून बघायचं. खाली बसून अंघोळ बंद, प्लास्टिकची मजबूत खुर्ची द्या, स्टूल नको, ते कलंडतं. उंबऱ्याला पिवळ्या ऑइलपेंटचा जाड पट्टा मारा, रात्री वाटेत झिरोचा बल्ब चालू ठेवा.

बीपीची किंवा झोपेची गोळी चालू आहे का हे तुम्ही लिहिलं नाही. असेल तर सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा, काही गोळ्यांनी उठताना एकदम बीपी उतरतं आणि डोळ्यापुढे अंधारी येते. म्हणून पलंगाच्या कडेला पाय सोडून मिनिटभर बसायचं, मगच उभं राहायचं. रात्रीतून चार-चार वेळा उठत असतील तर शुगर आणि लघवी तपासून घ्या, आणि मोतीबिंदूही.

भीती जाईल ती हळूहळू चालूनच. हात असलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, सकाळ-संध्याकाळ पाच-पाच वेळा उठणं-बसणं, ओटा धरून टाचा वर-खाली, गुडघ्याला झेपेल तेवढंच, सुरुवातीला तुम्ही शेजारी उभ्या राहा.

परत कधी पडल्याच तर बगलेत हात घालून लगेच ओढून उठवू नका. पाय आखूड वाटला, बाहेर वळलेला दिसला किंवा हलवताना कळ आली तर तसंच पडू द्या आणि १०८ ला फोन करा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी दवाखाना गाठा.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ च्या पुढच्यांना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असेल तर, काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा वस्तूंसाठी एकदाच ३ हजार रुपये खात्यात येतात, समाजकल्याण कार्यालयात अर्जाची चौकशी करा.

काठी डाव्या हातात. गुडघा उजवा दुखतो ना, मग काठी विरुद्ध बाजूला, आणि उजवा पाय पुढे टाकताना काठीही बरोबर पुढे. हात सरळ खाली सोडला की मूठ मनगटाच्या घडीशी यायला हवी, आणि खालचं रबरी बूच झिजलं की लगेच बदला.