चांदीच्या नाण्यावरची राणी

प्रश्न: बाई, नमस्कार. आमचा हुपरीत पैंजणांचा धंदा आहे. परवा आटवायला आलेल्या मोडीत एक मोठं नाणं सापडलं. एका बाजूला डोक्यावरून पदर घेतल्यासारखी भरल्या अंगाची बाई, दुसऱ्या बाजूला दोन तोंडांचा गरुड आणि 1780 साल. कोल्हापूरच्या सराफपेठेतले, गुजरीतले, एक ओळखीचे म्हणाले, व्हिक्टोरिया राणी असणार. वडील म्हणतात, मुशीत टाकून मोकळा हो. काय करू?
– एक वाचक, हुपरी

उत्तर: आधी वडिलांना माझा नमस्कार सांगा आणि नाणं मुशीपासून लांब ठेवा. व्हिक्टोरिया राणीचा जन्मच 1819 चा, त्यामुळे 1780 च्या नाण्यावर ती असायचं कारण नाही. तुम्ही केलेल्या वर्णनावरून ही मारिया थेरेसा. ऑस्ट्रिया, हंगेरी आणि बोहेमिया (आजच्या चेक देशातला भाग) यांची ती राज्यकर्ती होती आणि व्हिएन्नात बसून तिनं 40 वर्षं राज्य केलं. या नाण्याला थालर म्हणतात.

खात्री तुम्हालाच करता येईल. तराजूत घाला, वजन 28 ग्रॅमच्या आसपास भरायला हवं, म्हणजे जुन्या अडीच तोळ्यांना जरा कमी. टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढलात तर शेकडा 83 च्या थोडा वर लागेल, बाकी तांबं. मग भिंग घेऊन बाईच्या खांद्याखाली बघा. तिथं ‘एस. एफ.’ ही दोन बारीक अक्षरं दिसतील. गुंट्सबुर्गच्या टांकसाळीतल्या दोन अधिकाऱ्यांची ती आद्याक्षरं. शेवटी नाणं उभं धरून कडेनं फिरवा. कडेवर लॅटिनमध्ये तिचं ब्रीद उठवलेलं असतं, ‘न्याय आणि दया’. कड तासून चांदी चोरणाऱ्याला ती अक्षरं खाल्ल्याशिवाय कानस लावताच येत नसे. ही युक्ती तुम्हा कारागिरांना माझ्यापेक्षा जास्त कळेल.

आता सालाबद्दल. 1780 लिहिलंय म्हणून नाणं त्याच वर्षीचं आहे असं समजू नका. राणी 29 नोव्हेंबर 1780 ला वारली. पण तोवर अरबस्तानात, येमेनच्या कॉफीच्या बाजारात आणि इथिओपियात लोकांचा या नाण्यावर इतका विश्वास बसला होता की दुसरा चेहरा किंवा दुसरं साल असलेलं नाणं ते घेईनात. मग व्हिएन्नाच्या टांकसाळीनं तेच साल आणि तोच चेहरा ठेवून नाणी पाडणं चालू ठेवलं. पुढं रोम, लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स इथंही ती पाडली गेली. आणि आपल्या मुंबईतही! दुसऱ्या महायुद्धात इथिओपियाच्या मोहिमेसाठी इंग्रजांना तिथं चालणारा पैसा हवा होता, म्हणून 1940-41 मध्ये मुंबईच्या टांकसाळीनं असे कोटीच्या वर थालर पाडले. तिकडच्या बायका ते माळेत ओवून गळ्यात घालत, आपल्याकडच्या पुतळ्यांच्या माळेसारखे. तेव्हा तुमचं नाणं मुंबईचं असण्याची शक्यता चांगलीच आहे. विकायला गेलात तर चांदीच्या भावापेक्षा फार जास्त मिळेल असं नाही. तरीही ते आटवू नये असं मला मनापासून वाटतं, आणि त्याचं कारण तो पदर.

तो विधवेचा पदर आहे. 1765 च्या ऑगस्टमध्ये तिचा नवरा फ्रान्झ इन्सब्रुकला अचानक गेला. राजघराण्यांतली लग्नं सोयीची असत, पण हिनं आवडीच्या माणसाशी केलं होतं. तो गेल्यावर तिनं केस कापले, रंगीत कपडे आणि दागिने वाटून टाकले आणि पुढची 15 वर्षं काळ्या कपड्यांत काढली. आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकात तिनं संसाराचा हिशेब मांडून ठेवला होता: वर्षं, महिने, आठवडे, दिवस आणि शेवटी तास, 2,58,744. राज्याचा जमाखर्च स्वतः तपासणारी बाई होती ती, दुःखाचाही हिशेब तिनं तसाच केला. पदर घेतलेला तोच चेहरा पुढं समुद्रापार गेला आणि मोडीतून तुमच्या हातात आला. नाणं चिंचेनं किंवा पावडरीनं घासू नका, मऊ कापडात गुंडाळून ठेवा.

प्रश्न: मी कॉलेजात इतिहास घेतलाय. युरोपातल्या राण्या स्वतः राज्य करत, की नवऱ्याच्या नावावर? आपल्या ताराराणींसारखी कोणी होती का?
– एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर: बाळ, वर जिची गोष्ट सांगितली तीच घे.

ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा तू येता-जाता बघतेस. 1700 मध्ये राजाराम महाराज गेले तेव्हा त्या पंचविशीत होत्या, मुलगा लहान, आणि समोर औरंगजेब. मारिया थेरेसा 1740 च्या ऑक्टोबरमध्ये गादीवर आली तेव्हा 23 वर्षांची होती. मुलगी वारस होईल याला वडिलांनी युरोपभरच्या राजांकडून लेखी संमती घेऊन ठेवली होती. तो कागद दोन महिनेही टिकला नाही. डिसेंबरात प्रशिया या जर्मन राज्याच्या राजानं, फ्रेडरिकनं, सायलेशिया हा तिचा श्रीमंत प्रांत बळकावला. खजिना रिकामा, सेनापती म्हातारे, आणि तिला दिवस गेलेले.

1741 च्या जूनमध्ये प्रेसबुर्गला, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हाला, तिचा हंगेरीची ‘राजा’ म्हणून राज्याभिषेक झाला. रीतीप्रमाणे राज्यकर्त्यानं घोडा टेकडीवर नेऊन चारी दिशांना तलवार रोखायची असते. त्यासाठी ती घोड्यावर बसायला शिकली आणि ते करून दाखवलं. सप्टेंबरात तिनं हंगेरीच्या सरदारांपुढं लॅटिनमध्ये मदत मागितली आणि ती मिळवली. तान्ह्या मुलाला कडेवर घेऊन ती सभेत आली, अशी चित्रं तुला पुस्तकांत दिसतील. मूल खरं तर काही दिवसांनी तिथं आणलं गेलं. चित्रकारांनी दोन प्रसंग एक केले. उत्तरात लिहिताना हे वेगळं ठेव.

सायलेशिया तिला परत मिळाला नाही. बाकीचं राज्य मात्र तिनं राखलं. फ्रान्झ 1745 मध्ये पवित्र रोमन साम्राज्याचा, म्हणजे मुख्यतः जर्मन राज्यांचा, सम्राट झाला, पण कारभार हिचाच. त्यात 16 बाळंतपणं झाली.

मला स्वतःला तिचं सगळ्यात मोठं काम लढाईतलं वाटत नाही. 1774 मध्ये तिनं सहा ते बारा वर्षांच्या सगळ्या मुलांनी शाळेत गेलंच पाहिजे असा कायदा केला, मुलगे आणि मुली दोघांनीही. तो लिहायला तिनं फेल्बिगर नावाचा मठाधिपती आणला. हा माणूस सायलेशियाचा, म्हणजे आता फ्रेडरिकची प्रजा. जन्माच्या वैऱ्याकडं तिनं शाळेसाठी माणूस मागितला! खेड्यात साधी शाळा, मोठ्या गावात वरची, आणि मास्तर तयार करायला वेगळी शाळा, अशी मांडणी होती. शेतकरी कुरकुरले, कारण पोरं शेतात हवी होती. पटावरची मुलं वर्गात यायला पुढं बरीच वर्षं लागली. शाहू महाराजांनी 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, तेव्हा त्यांच्यापुढंही हीच अडचण होती. मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे हजेरीपटामागं किती झगडा असतो हे मला ठाऊक आहे.

देवीच्या साथीचंही वाच. 1767 मध्ये ती स्वतः देवीतून जेमतेम वाचली, सून आणि एक मुलगी गेली. पुढच्याच वर्षी तिनं इंगेनहाउस या डच डॉक्टरला बोलावून आपल्या मुलांना देवी टोचून घेतल्या, तेव्हा बाकीच्यांची भीती कमी झाली.

आणि ताराराणींशी तुलना करताना तिचा काळा भागही लिही. 1744 मध्ये तिनं प्रागमधल्या ज्यूंना ऐन थंडीत शहराबाहेर काढायचा हुकूम दिला. परक्या दरबारांनी रदबदली केली तरी ती बधली नाही. काही वर्षांनी ते परतले, तेही जबर कर कबूल करून. प्रोटेस्टंट कुटुंबांनाही तिनं घरदार सोडायला लावून दूर ट्रान्सिल्व्हेनियात, म्हणजे आजच्या रुमेनियात, धाडलं. ज्या बाईनं पोरांसाठी शाळा काढल्या तिनंच हे केलं. मला त्याचं वाईट वाटतं, आणि ते सौम्य करून सांगणं मला पटत नाही.

प्रश्न: फ्रान्सची राणी मेरी आंत्वानेत ही मारिया थेरेसाचीच मुलगी का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: हो, पंधरावं अपत्य, जन्म 1755 चा. चौदाव्या वर्षी तिला फ्रान्सला दिलं. आई दर महिन्याला पत्र लिहून झापायची: वाचन कर, उधळपट्टी थांबव, लोक काय बोलतात ते ऐक. लेक काय करते याची खबर तिथला ऑस्ट्रियाचा राजदूत आईला गुपचूप कळवत असे, आणि ही सगळी माहिती आईला मिळते कुठून हे लेकीला उमगत नव्हतं. तो पत्रव्यवहार छापलेला आहे. इंग्रजीतून वाचायला जमत असेल तर ग्रंथालयात जरूर मागा.