दीडशे तास गेम खेळून झाल्यावर तेच पुस्तक

प्रश्न : कॉलेजात असताना 'द लास्ट विश' हे गेराल्टच्या कथांचं पुस्तक वाचलेलं, ठीकठाक वाटलं आणि विसरून पण गेलो. मग त्याच गेराल्टवरचा 'विचर ३' हा गेम खेळलो, दीडशे तास तरी सहज गेले असतील. आता पुस्तक परत काढलंय तर त्या राक्षस मारणाऱ्या गेराल्टने तोंड उघडलं की गेममधलाच घोगरा आवाज ऐकू येतो आणि मी आपला गेममधली जादूगारीण ट्रिस कुठे दिसते का म्हणून पानं चाळतोय. वाचन फुकट चाललंय का माझं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : फुकट कसलं, तुम्ही फक्त मागच्या दाराने आत शिरलाय. मूळ लेखक साप्कोव्स्कीची पहिली गेराल्टकथा पोलंडच्या 'फांतास्तिका' मासिकात आली १९८६ ला, पहिला गेम २००७ चा, आणि गेमची गोष्ट सुरू होते तीच मुळात पुस्तकं संपल्यावर. ट्रिसला शोधणं सोडा, ती या पुस्तकात नाहीच, मालिकेतल्या नंतरच्या 'ब्लड ऑफ एल्व्ह्ज'मध्ये येते आणि तिथे तिचे केस तपकिरी आहेत, लालभडक नाहीत (मी पण चिडलो होतो, सवय होते).

आता 'द लास्ट विश'मधली ब्लाव्हिकेन गावातली कथा काढा. गेममध्ये गेराल्टला कुणीतरी 'ब्लाव्हिकेनचा कसाई' असं पुटपुटतं, आपण ऐकतो आणि घोडी हाकत पुढच्या कामाला निघतो. पुस्तकात तोच गेराल्ट मेलेली किकिमोरा (एक राक्षसी प्राणी) घोडीवर लादून गावात येतो, गावचा मुखिया त्याचा जुना दोस्त, जेवणखाण होतं, सूड घ्यायला आलेल्या रेन्फ्रीशी बोलणं होतं, आणि मग भर बाजारात तिची माणसं आणि शेवटी ती स्वतः त्याच्या तलवारीखाली जाते, लोक त्याला दगड मारतात आणि तो दोस्तच सांगतो की परत इथे येऊ नकोस. गेममध्ये पर्याय निवडायला बटणं असतात हो, शेवट नाही आवडला तर जुना सेव्ह लोड करता येतो, इथे त्याला तसलं काही नाही. पहिल्या वेळी हे पान तुम्ही भराभर उलटलं असणार, आता नाही उलटवणार.

आणि गेराल्टच्या घोडीचं नाव रोच, ते म्हणजे झुरळ नव्हे बरं का, पोलिशमध्ये ती प्वोत्का, गोड्या पाण्यातला एक छोटा मासा. एक घोडी मेली की पुढचीचं नावही तेच.

आवाजाचं म्हणाल तर तो काही जात नाही, माझा तरी अजून गेलेला नाही.